सरदारांचा दुसरा हात

मावशीच्या शिलाई मशीनच्या खणात, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, एक हात होता. दचकू नका, कापडाचा होता. जाड पिवळ्या लोकरी कापडाचा, खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा. बेचाळीस वर्षं तो त्या डब्यात पडून होता आणि तिथूनच एका अख्ख्या फुटबॉल क्लबाला नाचवत होता.

त्या शहरातले क्लब म्हणजे इतिहास आणि पुराण यांची खिचडी. नदीपलीकडे सिकंदर क्लब, स्टेशनमागे हर्क्युलिस, गोदामांकडे सहस्रबाहू. हर्क्युलिसचा कप्तान मैदानाची एक फेरी मारली की कठड्याला धरून उभा राहायचा, पण नावाला कोण अडवणार? आणि मावशीचा क्लब, जिथे ती सगळ्यांचे शर्ट शिवायची, नंबर लावायची, गुडघ्यावरची भोकं बुजवायची, तो एकहाती सरदार क्लब.

सरदार खरेच होऊन गेले. शत्रू चालून आला तेव्हा त्यांनी पूल राखला, असं पुलाच्या दगडावर कोरलंय. एका हाताने राखला, असं मात्र कुठेही कोरलेलं नाही. ती करामत मावशीच्या वडिलांची.

अण्णा शिंपी होते, आणि साधेसुधे नाही, नामांकित. क्लब निघाला तेव्हा झेंडा शिवायचं काम त्यांच्याकडे आलं. निळ्या झेंड्यावर पिवळे सरदार, दोन्ही हात पसरून पूल अडवून उभे. अण्णांनी धड बेतलं, डोकं बेतलं, आणि घाईघाईत कापड न दुमडता दोन्ही हात एकाच बाजूने कापले. झालं! दोन्ही हात उजवे निघाले. उलटून लावावा तर मागची बाजू खरखरीत, फिकट. कापड संपलेलं, आणि क्लबाची मंडळी दारात उभी. अण्णांनी एक हात लावला, दुसरा मांडीखाली दडवला.

"मास्तर, दुसरा हात?"

"पुलावरच्या लढाईत तुटला," अण्णा म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नाही?"

आता, आपल्याला ठाऊक नाही असं चारचौघांत कोण कबूल करतो? सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षभरात क्लबाच्या नावाला 'एकहाती' चिकटलं. पुढे नगरपालिकेने पुतळा उभारला, तोही झेंड्यावरून, एकाच हाताचा. आणि मग निघाली ती रीत: क्लबाविरुद्ध पेनल्टी मिळाली की गोलकीपरने डावा हात पाठीमागे ठेवायचा. सरदारांचा मान! इतक्या वर्षांत पेनल्टी अडली फक्त एक, आणि ती गोलच्या खांबाने अडवली.

तेव्हा आठ वर्षांची असलेली मावशी मशीनपाशी बसून सगळं बघत होती. अण्णांनी तिच्याकडून वचन घेतलं, आणि सहा वर्षांपूर्वी जाताना पुन्हा घेतलं. "लोक हसतील गं मला," म्हणाले. मावशीने पाळलं. पाळलंही असतं मरेपर्यंत, पण क्लबाच्या मुलींच्या संघात गोलकीपर झाली तिचीच लेक.

लेक टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायची. हात असे लांब की सगळ्यात वरचा कप्पा तिला स्टुलाशिवाय गाठता यायचा. पण त्या हंगामात तीन पेनल्ट्या झाल्या आणि तिन्ही तिच्या डाव्या अंगाने आत गेल्या. तिसरीनंतर तिने क्लबाच्या खोलीत हातमोजे टेबलावर आपटले.

"पुढच्या वेळी मी दोन्ही हात वापरणार."

अध्यक्ष पेशाने न्हावी. बोलणंही वस्तऱ्यासारखं. "मग हे मोजे दुसरी कुणी घालील. सरदारांनी एका हाताने फौज अडवली आणि तुला एक बॉल अडवता येत नाही?"

लेक घरी आली ती न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली. "आई, मला दुसरं काय येतं गं?" एवढंच म्हणाली. एकीकडे बापाची अब्रू, दुसरीकडे पोरीचा जीव की प्राण असलेला खेळ. इकडे आड, तिकडे विहीर.

रविवारी हंगामातला शेवटचा सामना होता, तोही सहस्रबाहूशी. एक हात विरुद्ध हजार हात म्हणून प्रेक्षकांनी आधीच हसून घेतलं. मावशी डबा पिशवीत घालून गेली. सामन्याआधी अध्यक्षांना गाठायचं असं ठरवलं होतं, पण त्यांनी झेंड्याला हात लावून नमस्कार केला आणि तिने पिशवीचं तोंड पुन्हा आवळलं. गुपचूप जाऊन ती गोलच्या जाळीमागे बसली.

शेवटची पाच मिनिटं उरली, अजून एकही गोल नव्हता, आणि पंचांनी शिट्टी वाजवली. पेनल्टी! लेक रेषेवर उभी राहिली. दोन्ही हात बाजूला. अध्यक्ष कडेने ओरडले, "हात मागे! नाहीतर आजचा सामना शेवटचा!" लेकीने एकदा आईकडे पाहिलं. डोळे भरलेले. आणि डावा हात हळूहळू पाठीमागे नेला.

मावशीला तो हात जाळीतून समोर दिसला. मूठ घट्ट आवळलेली. मग मात्र तिला राहवेना. ती उठली, डबा उघडला आणि पिवळा हात वर धरून जी किंचाळली ती पार गोदामांपर्यंत ऐकू गेली.

"दोन होते गं! सरदारांना दोन हात होते! हा बघ दुसरा! अण्णांनी चुकीचा कापला, मी डोळ्यांनी बघितलंय! काढ हात पुढे!"

"बाई, खाली बसा," पंच म्हणाले. सहस्रबाहूची मुलगी बॉलपाशी तोंड उघडं टाकून उभी. शिट्टी पुन्हा झाली, बॉल सुटला, नेहमीसारखा डाव्या अंगाने. आणि लेकीचा डावा हात आला. बॉल बोटांवर आदळून बाहेर गेला. मधलं बोटही त्याच्याबरोबर वाकडं झालं, पण ते तिला नाचून झाल्यावर कळलं. सामना बरोबरीत सुटला.

संध्याकाळी क्लबाच्या खोलीत तिघंच होती. लेकीचा डावा हात बँडेजमध्ये, गळ्यात अडकवलेला. मावशी झेंडा टेबलावर पसरून मान खाली घालून बसलेली. अध्यक्ष तो कापडी हात उलटसुलट करून बघत होते.

"तीस वर्षांपूर्वी," शेवटी म्हणाले, "चषकाच्या अंतिम सामन्यात गोलमध्ये मी होतो. पेनल्टीचा बॉल डाव्या बाजूने आत गेला. एवढ्याशा अंतराने." त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं. "तेव्हा मी दोन्ही हात वापरले असते, तर चाललं असतं?"

मावशीला खोटं बोलायचा फार मोह झाला. "चाललं असतं," ती म्हणाली. "त्या दिवशी अण्णा घरी येऊन ढसाढसा रडले. तुमच्याकडे यायला निघाले होते. दारातून परत फिरले. मीही गप्प बसले. चुकलं आमचं."

अध्यक्षांनी डोळे पुसले, बाहीनेच. मग लेकीचे मोजे तिच्यासमोर सरकवले. "बोट बरं झालं की ये," म्हणाले. "आणि ताई, लावून टाका तो हात. किती दिवस डब्यात ठेवणार?"

मावशीने नवा डावा हात बेतायला कात्री उचलली होती, ती खाली ठेवली. अण्णांचाच हात घेतला आणि सुईत दोरा ओवला. लेकीने चांगल्या हाताने कापड दाबून धरलं, दुसरं टोक अध्यक्षांनी धरलं. टाके पडले, गाठ मारली. तिघं लांब उभी राहून बघू लागली. सरदारांचा डावा अंगठा भलतीकडेच होता.

"हे दोन्ही उजवेच दिसतात," अध्यक्ष म्हणाले.

"तीच तर चूक झाली होती—"

"चूक कसली!" अध्यक्षांची मान ताठ झाली, डोळ्यांत जुनी चमक आली. "सरदारांचे दोन्ही हात उजवेच होते. त्याशिवाय का पूल राखला?"

मावशीने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेकीने हळूच तिच्या पायावर पाय दिला.