वळणावरचं पाणी

१९९९ च्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, जुन्नरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या बायकोचं मनगट हळूच खाली ठेवलं आणि विचारलं, "वाटेत किती वेळ गेला?"

"तासभर. गाडी तापली होती."

"शेवटचं काय बोलल्या?"

"पाणी मागत होती."

त्यांनी चादर तिच्या चेहऱ्यावर ओढली. पारू गेली हे मला तेव्हा कळलं.

मी चांगदेव, शिनोलीचा. घोडेगाव ते जुन्नर माझी जीप धावायची. त्या सकाळी पारूच्या छातीत कळ आली. घोडेगावच्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि म्हणाले, थांबू नका, जुन्नरला न्या. चढावरच्या वळणावर जीपनं वाफ सोडली. गाडीत पाण्याचा एकच कॅन होता. पारू म्हणाली, "घोटभर द्या की."

मी म्हणालो, "आधी गाडीला देतो, मग तुला."

सगळं पाणी रेडिएटरनं घेतलं. कॅनमध्ये घोटभरही उरलं नाही.

गाडीचं हे दुखणं दोन महिन्यांचं होतं. चढाला लागली की पाणी संपायचं, पण खाली जमिनीवर एक थेंब दिसायचा नाही. रबरी नळ्या आणि रेडिएटर बाहेरून कोरडे. जुन्नरला मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवणारे रविंद्र मास्तर मला म्हणाले होते, "चांगदेवभाऊ, दोन दिवस गाडी माझ्याकडं सोडा. शोधावं लागेल." दोन दिवस मला जास्त वाटले. रखमाजी देवरुषाचं काम चाळीस मिनिटांत व्हायचं. वळणावर गाडी उभी करायची, तो उतारा करायचा, मंत्र पुटपुटायचा, लिंबू कापायचा, आणि मग पाणी भरलं की गाडी सुतासारखी जुन्नरला पोचायची. मी चार वेळा हे डोळ्यांनी पाहिलं होतं. अविश्वास कशाला दाखवू?

तेव्हा रखमाजी सांगायचा की वळणावर कुणी परकी बाई आहे, तिला तहान लागते. पारू गेल्यावर त्यानं ती परकी बाई काढून टाकली आणि तिच्या जागी पारूला बसवलं. तेराव्यानंतर मी गाडी बाहेर काढली, ती वळणावर पुन्हा तापली, आणि गावाची खात्री पटली. बाई तहानलेली गेली, आता गाडीचं पाणी पिते.

अमावास्येला वळणावर पन्नास-साठ माणसं जमली. जुन्नरला निघालेली, घोडेगावला निघालेली, आणि नुसती बघायला आलेली. नारळाची टपरीही लागली होती. ती रखमाजीच्या मेव्हण्याची होती.

रखमाजीनं बॉनेटवर ओला हात फिरवला आणि मूठभर हळद उधळली. "बोल, कोण हाईस? न्हाई बोलत? आरं, मला सात पिढ्यांचा वारसा हाय, मुक्याला बी बोलवतो मी. पावणं, मागं सरा. हिची खूण बघा आता." त्यानं अंगठा हळदीत रगडला. पिवळी हळद बघता बघता लाल झाली.

"रगात," मागून कुणीतरी म्हणालं.

"रगातच. पाण्यावर भागलं न्हाई तर ही रगात मागंल. दर अमावास्येला एक घागर पाणी, एक हिरवं लुगडं, आन गाडीतल्या दर माणसामागं एक नारळ."

साळुबाई म्हणून आमच्या शेजारची म्हातारी आहे, ती पुढं झाली. "कोंबडं कापायचं म्हणलं तर पारू घरातून उठून जायची. ती कुठली रगात मागती?"

"मेल्यावर माणूस बदलतं, म्हातारे."

"मग तू मेल्यावर तरी जरा शाना व्हशील."

लोक हसले, पण नारळ सगळ्यांनी घेतले. मीही घेतला. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. वळणावर रखमाजीनं एक शेंदूर लावलेला दगड बसवला होता. मी रोज जाता-येता तिथं उतरायचो, तांब्याभर पाणी ओतायचो आणि पारूशी बोलायचो. आज तेल संपलं, आज कल्याणीनं भाकरी जाळली, असं काहीबाही. पाणी मातीत मुरलं की वाटायचं, प्याली.

कल्याणी आमची मुलगी, जुन्नरला अकरावी सायन्सला होती. तिचं काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आप्पा, एसटीत माझ्याशेजारी कुणी बसत नाही. म्हणतात, हिची आई हिच्यातून पाणी मागेल. काल एका बाईनं पोराला गप करायला आईचं नाव घेतलं. म्हणाली, पारू येईल हं."

मी वळणावर न्यायचा तांब्या घासत राहिलो.

"तुम्हाला आई तिथं हवी आहे. मला पण हवी आहे. पण अशी नको."

मग ती आत गेली आणि दोन डब्या घेऊन आली. एक हळदीची, एक चुन्याची. तिनं चिमूटभर हळद तळहातावर घेतली, बोटानं चुना लावून ओली करून चोळली. तळहात लाल झाला.

"गेल्या दिवाळीत तुमचा गुडघा सुजला होता. आईनं काय लावलं होतं?"

हळद आणि चुना. मुका मार लागला की आमच्याकडं घरोघर तोच लेप लावतात. लाल व्हायचा तो लेप. माझं धोतर डागलं म्हणून मी पारूवर ओरडलोही होतो. वळणावर जमलेल्या पन्नास-साठ माणसांपैकी एकही असा नव्हता ज्याच्या गुडघ्याला किंवा घोट्याला तो लेप लागला नसेल. रखमाजी दिवसभर तंबाखू मळायचा, त्याच्या अंगठ्याला चुना कायमचा असायचा. आम्ही सगळे तिथं उभे राहून आपल्याच घरातल्या औषधाला रगात म्हणालो.

पुढच्या अमावास्येला कल्याणीनं रविंद्र मास्तरांना वळणावर आणलं. त्यांच्याजवळ सायकलचा पंप, रेडिएटरचं एक जुनं झाकण आणि प्लास्टिकची बाटली होती. झाकणाला भोक पाडून त्यांनी ट्यूबचा वॉल्व्ह बसवला होता.

रखमाजी म्हणाला, "काय मास्तर, गाडीत हवा भरता का भुतात?"

"आधी गाडीत. भूत सापडलं तर त्यातही भरू." मास्तरांनी बाटली उंच धरली. "ही चुन्याची निवळी आहे. वरचं स्वच्छ पाणी. आज तपासणीपुरती घालतो, मग धुऊन टाकू." ती त्यांनी गार रेडिएटरमध्ये ओतली आणि पाणी सगळीकडं मिसळावं म्हणून पाच मिनिटं इंजिन चालवलं. मग बंद करून इंजिनाच्या अंगावर सगळीकडून हळद भुरभुरवली. जिथं हात जेमतेम पोचतो त्या मागच्या बाजूलासुद्धा. "गाडी तापली की आत दाब वाढतो. तो दाब आता आपण पंपानं देऊ. साळुबाई, तुम्ही आरसा धरा."

ते जुनं झाकण रेडिएटरवर घट्ट बसवून मास्तर त्याच्या वॉल्व्हमधून पंप मारत होते. साळुबाईनं इंजिनामागं आरसा धरला होता. वीस-पंचवीस वेळा पंप खालीवर झाला असेल.

"आगं बाई," ती म्हणाली. "लाल रेघ आली की."

सगळे वाकले. मीही वाकलो. इंजिनाच्या मागच्या अंगाला पत्र्याचं एक गोल बूच असतं. ते गंजून त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. तिथून निघालेली लाल रेघ थेट सायलेन्सरच्या पाइपावर उतरत होती.

मास्तर उठून हात पुसत म्हणाले, "गार असताना इथून काही येत नाही. चढावर दाब वाढला की पाणी उडतं, खालच्या तापलेल्या पाइपावर पडतं आणि वाफ होऊन जातं. म्हणून जमिनीवर थेंब नाही. रखमाजीभाऊंचा उतारा चाळीस मिनिटं चालतो. तेवढ्यात इंजिन गार होतं. मंत्र नाही म्हटला, नुसती विडी ओढत बसलं तरी गार होतं."

"आन रगात?" कुणीतरी विचारलं.

कल्याणीनं रखमाजीचा अंगठा धरून वर केला. अंगठा पांढरा होता. "घरी जाऊन आपापल्या गुडघ्याला विचारा," ती म्हणाली.

रखमाजी हात सोडवून घेत पुटपुटला, "चुन्यानं पळाली ती." त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. मेव्हण्यानं नारळ पोत्यात भरले.

मी रस्त्याच्या कडेला बसलो होतो. मास्तर शेजारी येऊन बसले. मी विचारलं, "त्या दोन दिवसांत हे सापडलं असतं?"

"सापडलं असतं."

"बूच बसवायला किती वेळ?"

ते जमिनीकडं पाहत म्हणाले, "अर्धा दिवस."

नवीन बुचावर जीप आणखी सात वर्षं चालली आणि त्या चढावर एकदाही थांबली नाही. हे जे कुणी वाचतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गाडी पाणी पीत नाही, मेलेलं माणूसही पीत नाही. पाणी कमी होत असेल तर ते कुठून तरी जातंय. ते भोक शोधा, आणि शोधायला दोन दिवस लागले तर लागू द्या. मी ते दोन दिवस दिले नाहीत. माझ्या बायकोला मी घोटभर पाणीही दिलं नाही. त्याला कुणी भूत जबाबदार नाही.

कल्याणी आता नारायणगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी मुलांसमोर हळदीला चुना लावून दाखवते. परवा तिनं विचारलं, "आप्पा, वळणावरचा तो दगड काढला का?"

नवीन लोक अजून तिथं नारळ ठेवतात. मी दोनदा पहार घेऊन गेलो आणि दोन्ही वेळा तांब्याभर पाणी ओतून परत आलो. दगड काढायचा राहिला आहे.