रुळाखालची गादी

वडिलांनी डोळ्याला भिंग लावून चिमट्यात घड्याळाचं इवलंसं चाक उचललं, तशी ती टेबलाशी धावली.

"बाबा, आत्ता नको. गाडी सुटलीय."

"म्हणूनच आत्ता."

वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला लागूनच नवा मालगाड्यांचा मार्ग गेला होता, आणि रुळांच्या इथल्या वळणाची इंजिनिअर ती होती. पहिली भरलेली गाडी आज यायची होती. भिंत हादरली तर दुकान बंद, हे वडिलांनी रूळ पडायच्या आधीच जाहीर केलं होतं. दुकानाविना वडील, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

म्हणून तिनं इथं खडीखाली रबराचा जाड थर घालायला लावला. "रुळाला गादी! उशी नको का, मॅडम?" म्हणून रूळ टाकणाऱ्या गँगची माणसं पोट धरून हसली. पण काम काय केलं त्यांनी! रबराच्या तुकड्याला तुकडा असा भिडवला की मध्ये सुरीचं पातं शिरू नये. रुळांचे सांधे वितळवून जोडले, आणि इतके घासले की बोट फिरवून सांधा सापडेना. बघत राहावं असं काम.

हादरा कळावा म्हणून तिनं टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला होता. "पाण्याला काय कळतंय?" म्हणत वडिलांनी तो पिऊन टाकला होता.

"निदान गिऱ्हाइकाचं घड्याळ तरी नको ना, बाबा!"

"गप्प बस. हात हलेल."

लांबून घरघर आली आणि वाढत गेली. तिची नजर वडिलांच्या बोटांवरून हलेना. चाकाचं केसाएवढं टोक आपलं भोक शोधत होतं. बोटं जराही थरथरली नाहीत. चाक बसलं, झुललं, घड्याळ टिकटिकू लागलं.

"बसलं," म्हणत वडिलांनी भिंग काढलं. "कुठवर आली गाडी?"

"गेली."

"गेली?" ते लगबगीनं मागच्या खिडकीशी गेले. रूळ रिकामे होते. "अरेरे! डबे किती होते गं?"

"मी नाही पाहिली."

"अगं, तुझी गाडी! मग बघत काय होतीस?"

तिची नजर अजून त्यांच्या बोटांवरच होती. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. त्यांनी कामाच्या टेबलाची एक बाजू उचलली.

"धर तिकडून," ते म्हणाले. "खिडकीपाशी घेऊ."