कॅल्वरडेलच्या कप्तानाची मुलगी

इंग्लंडमधल्या हल शहरातल्या एका वाचनालयात दर गुरुवारी दुपारी जुन्या आठवणी सांगणाऱ्यांची बैठक भरायची. ऑड्री तिथे चहासाठी जात नव्हती. तो चहा पिण्याच्या लायकीचाच नव्हता. ती जायची हेसल रोडसाठी, त्या जुन्या कोळीवस्तीसाठी. ज्या गल्लीत ती जन्मली ती गल्ली सरकारने केव्हाच पाडून टाकली होती. मासेमारीच्या बोटी गेल्या, मासे धुरवायची धूरघरं गेली, माशांचा तो कपड्यांत मुरलेला वासही गेला. आता ते सगळं दहा-बारा म्हाताऱ्यांच्या तोंडीच काय ते उरलं होतं.

तिच्या शेजारची खुर्ची नॉरीनची असायची. लहानपणी दोघींच्या घरांत दोन दारांचं अंतर होतं. दोघी एकाच शाळेत गेल्या, एकाच कारखान्यात माशांचे तुकडे डब्यांत भरायला लागल्या, एकमेकींच्या लग्नात नाचल्या. आता दोघी विधवा होत्या आणि एका बशीतली बिस्किटं वाटून खायच्या.

त्या गुरुवारी नॉरीनचा मुलगा गॅरेथ बोलणार होता. पन्नाशी उलटलेला गॅरेथ दोन वर्षं घराण्याचं मूळ शोधण्याच्या मागे लागला होता. डीएनए तपासायला नळीत थुंकून ती कुठल्याशा कंपनीला पाठवली होती आणि आपण चौदा टक्के नॉर्वेचे निघालो हे तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

"आणि बाकीचा सगळा हलची बटाट्याची पॅटी," ऑड्री म्हणाली होती, तेव्हा तोच सगळ्यांत मोठ्यांदा हसला होता. तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो तिला मावशी म्हणायचा.

भिंतीवरच्या पडद्यावर एक फोटो आला. जाड भुवयांचा, टोपी मागे सरकवलेला माणूस. नॉरीनचा बाप, क्लिफर्ड स्टॅथर्स.

"हे माझे आजोबा," गॅरेथ सांगू लागला. "कॅल्वरडेल बोटीवर खलाशी होते. त्या हिवाळ्यात बोट सुटायच्या दिवशी पहाटे ते धक्क्यावर पोचले, तर कप्तान दारूने तर्र झालेला. त्याला धड उभं राहता येईना. आजोबा म्हणाले, असल्या माणसाच्या हाताखाली मी समुद्रात जाणार नाही. आणि ते उतरून घरी आले. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आइसलंडच्या वर बोटीवर बर्फ चढला, बोट उलटली, एकही माणूस परत आला नाही. आजोबा तेवढे वाचले, कारण त्यांच्यात नाही म्हणायची धमक होती."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बैठक चालवणारी फिलिपा, विद्यापीठातून आलेली गोड आवाजाची तरुण बाई, डोळे पुसत म्हणाली की कॅल्वरडेलच्या स्मरणार्थ धक्क्यावर जो नवा फलक बसणार आहे त्यावर हीच आठवण लिहायची ठरली आहे.

कॅल्वरडेलचा कप्तान हॅरल्ड थंडरक्लिफ. ऑड्रीचा बाप.

तिने नॉरीनकडे पाहिलं. नॉरीन कपात पाहत होती.

"गॅरेथ," ऑड्री उभी राहिली. "माझा बाप दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. त्याचा बाप पिऊन मेला होता. नाताळातही तो आल्याचं सरबत प्यायचा. हे तुला कुणी सांगितलं?"

गॅरेथचा चेहरा पडला. "मावशी, मला वाटलं तुला ठाऊक असेल. तुला दुखवायचं नव्हतं गं. पण आमच्या घरात हेच सांगत आलेत."

"मग तुमच्या घरात खोटं सांगत आलेत."

फिलिपा मध्ये आली. "ऑड्री, तुमच्या भावना मी समजू शकते. पण इथे प्रत्येकाची आठवण आपापल्या जागी खरी असते, नाही का? हवं तर आपण दोन्ही बाजू शेजारी शेजारी लिहू."

"बाजू?" ऑड्रीचा आवाज फाटला. "माझा बाप बर्फाखाली गेला, पोरी. त्याला पुरायला आमच्या हाती काही आलं नाही. आणि तू मला बाजू सांगतेस? तो फलक लागू दे, मी हातोडा घेऊन येते की नाही बघ!"

ऑड्रीला आईचे शब्द आठवत होते: हे या घराबाहेर न्यायचं नाही. इतकी वर्षं तिने ते पाळलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पण आईने ज्याच्यावर दया केली त्याचंच घर आज ऑड्रीच्या बापाच्या तोंडाला काळं फासत होतं.

"मग ऐकाच," ती म्हणाली. "बोट गेल्याची बातमी आली त्या आठवड्यात क्लिफर्ड स्टॅथर्स आमच्या स्वयंपाकघरात आला. मी दाराआड होते. माझ्या आईपुढे गुडघ्यावर बसून तो रडला. त्या पहाटे न्यायला आलेली टॅक्सी त्याच्या दारात भोंगा वाजवत होती, तरी त्याला जाग आली नाही. आदल्या रात्री इतकी ढोसली होती. कप्तान नव्हता प्यायलेला. तो होता! त्याच्या जागी ऐन वेळी विल्फ ऑक्सटोबीला नेलं. विल्फचं नुकतं लग्न झालं होतं. आईने क्लिफर्डला चहा करून दिला आणि म्हणाली, घरी जा, पोरांना सांभाळ, मी कुणाला बोलणार नाही. मरेपर्यंत नाही बोलली."

गॅरेथ आईकडे वळला. "आई? हे खरं आहे?"

नॉरीनने कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मला स्वयंपाकघरातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच माहीत आहे की माझा बाप त्यानंतर तीस वर्षं जगला आणि त्या रस्त्यावर एकाही दारूच्या गुत्त्यात त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. विल्फच्या आईने त्याच्या तोंडावर थुंकलेलं मी पाहिलंय. तू सहा वर्षांचा असताना शाळेतून रडत आलास. तुझा आजोबा भित्रा, असं पोरं म्हणाली होती. मग मी तुला काय सांगायचं होतं?"

"माझ्या बापाचं नाव का घेतलंस?" ऑड्रीने विचारलं. "दुसरं काही सुचलं नाही? पोट दुखत होतं म्हणायचं. पाय मुरगळला म्हणायचं."

"पाय मुरगळला म्हणून कुणी शूर ठरतं का?" नॉरीन उसळली. "तुझा बाप कप्तान होता, ऑड्री. त्याचं नाव चर्चच्या भिंतीवर पितळेत कोरलंय. तुझ्या आईला पाहून लोक टोप्या काढायचे. एवढं सगळं होतं तुमच्याकडे. त्यातून चिमूटभर घेतलं तर मेलेल्या माणसाचं काय बिघडलं?"

"त्याच्याकडे तेवढं एकच होतं," ऑड्री म्हणाली. "नाव." आणि मग तिचा तोल गेला. "माझ्या हातचं खाल्लंस! माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला माझा हात धरून उभी राहिलीस! आणि घरी जाऊन पोराला हे शिकवत होतीस!"

नॉरीनने कोट उचलला आणि कुणाकडे न बघता निघून गेली. गॅरेथ तिच्यामागे गेला नाही. तो पडद्यावरच्या फोटोकडे बघत उभा राहिला.

पुढच्या रविवारी तो ऑड्रीच्या दारात आला. तिने त्याला आत बोलावलं नाही. तोही उंबरठा ओलांडायला धजला नाही.

"मी फिलिपाला फलकाच्या मजकुरातून ते काढायला लावलंय," तो म्हणाला. "इंटरनेटवर टाकलं होतं तेही काढलं. पण मावशी, कॅनडातल्या कुणीतरी ते आधीच आपल्या वंशवृक्षात उचललंय. मी दोनदा लिहिलं त्यांना. उत्तर नाही."

"म्हणजे माझा बाप कॅनडात अजून दारुडाच आहे."

त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "विल्फबद्दल सांगशील? मी त्याला कुठे शोधलंच नव्हतं."

ऑड्रीला दार आपटून बंद करायचं होतं. पण विल्फबद्दल विचारणारं आता कोण उरलं होतं? मग दारातच उभी राहून, हाताची घडी न सोडता, तिने सांगितलं. विल्फ शिट्टी सुरेख वाजवायचा. सायकलीवर पुढच्या दांडीवर बायकोला बसवून रस्ताभर हिंडायचा. सांगताना तिचा राग कमी झाला नाही. पण विल्फची गोष्ट सांगायची राहिली नाही.

वसंतात फलक बसला. त्यावर कॅल्वरडेलच्या सगळ्या माणसांची नावं होती, विल्फ ऑक्सटोबीचंही. बोट वाचवायला कप्तानाने अखेरपर्यंत माणसांना तिच्यावरचा बर्फ फोडायला लावलं, हे शेवटी रेडिओवरून त्याच्याशी बोललेल्या दुसऱ्या बोटीच्या कप्तानाने सांगितलं होतं, तेही लिहिलं होतं. क्लिफर्डचा उल्लेख नव्हता. आईने दिलेला शब्द तेवढ्यापुरता राहू दे, असं ऑड्रीनेच गॅरेथला बजावलं होतं.

फलकावरचा पडदा काढताना नॉरीन गर्दीच्या पलीकडच्या टोकाला उभी होती. कार्यक्रम संपल्यावर दोघी एकाच थांब्यावर आल्या, कारण दोघींना एकच बस होती. ऑड्री आधी चढली आणि खिडकीशी बसली.

बस भरलेली होती. नॉरीन दांडा धरत धरत तिच्यापाशी येऊन थांबली.

"इथे कुणी बसलंय का?" तिने विचारलं.

ऑड्रीने मांडीवरची पिशवी उचलून शेजारच्या जागेवर ठेवली.

नॉरीन दांड्याला धरून उभी राहिली. तिचा गुडघा अधू होता, बस वळली की ती कण्हायची, आणि ते ऑड्रीला स्पष्ट ऐकू येत होतं. एक पोरगी उठून नॉरीनला जागा देऊ लागली, तर ती म्हणाली, "नको बाळा, मी बरी आहे."

ऑड्री बाहेर बघत राहिली. हात तिने कोटाच्या खिशात घातले आणि पिशवी होती तिथेच राहू दिली.