सहाव्या रचनेनंतरची शांतता

बोलतेय ती मी, एक टेप. कॅसेट नव्हे बरं का! कॅसेट म्हणजे आमच्या घराण्यातलं शेंडेफळ, कुणाच्याही खिशात जाऊन बसणारं. मी मोठ्या धातूच्या चाकावर गुंडाळलेली, अर्ध्या बोटाच्या रुंदीची आणि पाऊण किलोमीटर लांब. माझ्यावर एक अख्खा अल्बम आहे, सहा रचनांचा. आणि सहाव्या रचनेनंतर एक बाई आहे, जी तिथे असायला नको होती. तिच्यासोबत मी चाळीस वर्षं एका डब्यात काढली. भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. नंतर सवय झाली.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर गोंद, गोंदात लोखंडाच्या गंजाची बारीक पूड. म्हणजे मूळ बघायला गेलं तर मी गंजच. पण हाच गंज आवाज धरून ठेवतो, आणि एकदा धरलेला आवाज मी सहसा सोडत नाही. तेवढा अभिमान मला आहे.

मला विकत घेतलं ते मास्तरांनी. शाळेतले मास्तर नव्हेत ते, ध्वनिमुद्रण करणारे. चूक दिसली की छडी उगारल्यासारखं बोट उगारायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्याच्या माडीवर त्यांनी आपलं दुकान थाटलं होतं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, जमिनीवर अजून लाकडाचा भुसा, आणि मधोमध एक पियानो.

तो पियानो वाजवायला एक बाई यायची. तरुण, बारीक अंगाची, बोलायला कमी. पियानोच्या तारांत ती स्क्रू आणि रबराचे तुकडे अडकवायची. मग तो पियानो कधी घंटेसारखा वाजे, तर कधी कुणीतरी लांबून दार ठोठावतंय असा. तिच्या जोडीला सॅक्सोफोनवाला होता, त्याला लांब्या म्हणत. उंचीमुळे नव्हे, एकेक सूर तो इतका लांबवायचा की मास्तर घड्याळाकडे बघू लागायचे. त्या संगीताला ना चाल, ना ठेका. पहिल्या दिवशी मीसुद्धा नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी मात्र माझं मीच कबूल केलं, असं काही मी याआधी ऐकलं नव्हतं.

त्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सहावी रचना चालली होती. छान रंगली होती. आणि मध्येच, एका वाक्याच्या अर्ध्यावर थांबावं तशी, बाई थांबली. लांब्याचा सूर दोन क्षण एकटाच चालला, मग तोही थांबला. मास्तरांचा एक नियम होता, वाजवणारा जागेवरून उठेपर्यंत यंत्र बंद करायचं नाही. त्यामुळे मी फिरत राहिले. तारांचा शेवटचा कंप विरला, खोली गप्प झाली, आणि बाई म्हणाली, "बस. निघते मी. पोरीला ताप आहे, मला इथे सुचत नाहीये." मास्तर म्हणाले, तीनच मिनिटं राहिलीत, संपवून जा. ती म्हणाली, तीन मिनिटं तुमच्याकडे असतील, माझ्याकडे नाहीत. खुर्ची सरकली, जिन्यावर पावलं वाजली. ती इतक्या घाईने उतरली की तिची छत्री तिथेच राहिली.

त्यानंतर ती माडीवर आलीच नाही. आधी मुलीचं आजारपण होतं, मग तिचं स्वतःचं. पाच महिन्यांत ती गेली.

मास्तरांनी छत्री बरेच दिवस दाराशी टांगून ठेवली. मग एके दिवशी ते अल्बम तयार करायला बसले. अर्धी सोडलेली रचना टाकून द्यायला त्यांचा जीव होईना, म्हणून तशीच ठेवली. पण पुढचं बोलणं अल्बममध्ये कसं ठेवणार? त्यांनी ब्लेड घेतलं, तारांचा कंप विरल्यानंतरची शांतता राखली आणि तिच्या बोलण्याचा तुकडा कापून काढला. तो थोडा वेळ खिळ्याला लटकत होता. संध्याकाळी झाडू फिरला, त्यात गेला.

आता मास्तरांना माहीत असूनही त्या दिवशी लक्षात न आलेली एक गोष्ट सांगते. आम्ही टेपा अंगाला अंग लावून गुंडाळलेल्या असतो. महिनोन्‌महिने तसंच पडून राहिलं की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. अगदी फिका, कानाला जेमतेम लागेल एवढा. त्यामुळे जुन्या टेपा वाजवल्या की कधीकधी माणूस बोलायच्या क्षणभर आधीच त्याची कुजबुज ऐकू येते. या धंद्यातले लोक तिला भूत म्हणतात. आधी भूत येतं, मग माणूस.

माझ्या बाबतीत माणूस कापून टाकला होता. मागे भूत तेवढं राहिलं. सहाव्या रचनेनंतरच्या शांततेत तिची तीन सेकंदं उमटली होती, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. डब्यात बंद असताना मी वाट बघायचे, आता पुढचं बोलेल, आता बोलेल. ती कधीच बोलली नाही.

रेकॉर्ड निघाली, तिच्या खरखरीत ती कुजबुज कुणाच्या कानी पडली नाही. थोड्याच लोकांनी ऐकली, पण ज्यांनी ऐकली ते सहाव्या रचनेने वेडे झाले. एका समीक्षकाने तर कमालच केली. कलावंताला मरणाची चाहूल लागली होती आणि तिने जाणूनबुजून संगीत अर्ध्यावर सोडलं, असं त्याने लिहिलं. मग जो तो तेच लिहू लागला. मला हसावं की रडावं कळेना. कसली चाहूल न् कसलं काय, पोरीला ताप होता हो! पण सांगणार कोणाला? मला तोंड नाही, वाजवलं तरच मी बोलते.

मास्तर थकले, दुकान बंद झालं, लांब्या परदेशी गेला तो तिकडचाच झाला. मास्तरांच्या माघारी मी त्यांच्या सुनेच्या माळ्यावर गेले. एका बाजूला तुटका पंखा, दुसऱ्या बाजूला रंगाचे वाळलेले डबे. घरातलं कुणी वर आलं की मला उचलून धूळ झटकायचं, "हे काय आहे गं?" विचारायचं आणि परत ठेवायचं. टाकलं नाही, हे त्यांचे उपकार. पण दमट हवेने माझा गोंद पाणी प्यायला आणि मी चिकट झाले. एक वेढा दुसऱ्याला असा धरून बसला की सोडवू म्हटलं तर कातडीच निघावी.

मग म्हणे आमचे दिवस पालटले. विसरलेलं, विचित्र, कुणाला न कळलेलं संगीत शोधून ते नव्याने काढायची टूम निघाली. अशाच एका छोट्या कंपनीला माझा पत्ता लागला आणि मी डॉक्टरांकडे पोचले. हेही खरे डॉक्टर नव्हेत. आजारी टेपा बऱ्या करतात, म्हणून हे नाव. तळघरातली खोली, पांढरे सुती हातमोजे, सतत पुटपुटण्याची सवय. त्यांनी मला हुंगलं, नखाने हळूच दाबलं आणि म्हणाले, हिला भाजावं लागणार.

घाबरू नका, आमचा उपचारच तो. मंद आचेच्या पेटीत आठ तास ठेवलं की गोंदातलं पाणी उडतं आणि टेप थोडे दिवस वाजण्याजोगी होते. पण थोडेच दिवस. एकदा नीट वाजते, दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नाही.

डॉक्टरांनी मला लावलं. किती वर्षांनी फिरले मी! सहाही रचना त्यांनी संगणकात उतरवल्या आणि सहावी थांबून तारांचा कंप विरताच सवयीने उतरवणं बंद केलं. जन्मभर ते तसंच करत आलेत, संगीत संपलं की हात बटणावर. यंत्र मात्र फिरत होतं. त्यांनी मान वर केली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि एक बाई कुजबुजली होती. त्यांच्या अंगावर काटा आला, तो मी पाहिला. मग स्वतःशीच हसून ते म्हणाले, भूत आहे. आणि मला यंत्रावरून उतरवलं.

तीन दिवसांनी त्या पियानोवाल्या बाईची मुलगी आली. चाळिशीतली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी. अल्बम नव्याने काढायचा तर वारस म्हणून तिची सही हवी होती. कागद तिच्या पर्समध्ये होता, महिनाभर बिनसहीचा. तिने सरळच सांगितलं, की सही करायची तिची इच्छा नाही. तिला तिच्या आत्याने वाढवलं होतं. आत्या लहानपणापासून सांगत आली होती, की तू सव्वा वर्षाची, तापाने फणफणलेली, आणि तुझी आई तुला माझ्या मांडीवर टाकून वाजवायला गेली, ती दिवेलागण होऊन गेल्यावर परतली. पियानोपुढे तिला तू दिसलीसच नाहीस.

"ज्याच्यासाठी तिने मला टाकलं ते लोकांनी कौतुकाने ऐकावं, आणि त्याला मी हो म्हणावं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. आईचा आवाज कसा होता तेही तिला माहीत नव्हतं. घरात दोन फोटो होते, बस्स.

मी टेबलावर पडले होते, तिच्या हातापासून वीतभर लांब. माझ्यापाशी सगळं होतं आणि मला काही करता येत नव्हतं. इतका कोंडमारा माळ्यावरही कधी झाला नाही.

डॉक्टर बिचारे ओशाळले. काहीतरी बोलायचं म्हणून सांगू लागले, की शेवटच्या शांततेत एक भूत आहे, पण काळजी नको, अल्बममध्ये ती शांतता आखूड करतोय, म्हणजे कुणाला ऐकू येणार नाही.

"कसलं भूत?"

एका वेढ्यातला आवाज दुसऱ्यावर कसा उमटतो, तो सगळा प्रकार त्यांनी समजावला. कापलेलं काहीतरी असावं, म्हणाले, बाईमाणसाचा आवाज वाटतो.

"त्या खोलीत बाई एकच होती," ती म्हणाली.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ती तीन सेकंदं त्यांनी उतरवलीच नव्हती. आणि माझी तब्येत तीन दिवसांत पुन्हा बिघडायला लागली होती. त्यांनी काही न लपवता सांगितलं, आणखी एकदा लावली तर तिथला थर निघून येईल, पुन्हा कधीच वाजणार नाही. कदाचित ऐकू यायच्या आधीच निघेल. ती म्हणाली, लावा.

यावेळी त्यांनी उतरवणं आधीच सुरू केलं. तीनदा तपासलं. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत नेलं, खोलीतला पंखा बंद केला. मी फिरू लागले. अंगाची पूड झडून चाकाखाली साचत होती, यंत्र कुरकुरत होतं. मी माझ्या परीने घट्ट धरून ठेवलं, एवढंच म्हणेन. रचना थांबली. कंप विरला. आणि खरखरीच्या मागून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"बस. निघते मी. पोरीला ताप आहे, मला..."

पुढे काही नाही.

डॉक्टरांनी संगणकाकडे पाहून मान हलवली, आलंय म्हणून. मग मुलीने फोन काढला. तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडे आत्या होती, ऐंशीच्या पुढची.

"आत्या, मला ताप होता त्या दिवशी आई किती वाजता घरी आली?"

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो आत्याने बंद केला.

"तीनला," आत्या म्हणाली. "धावत आली होती. चपलासुद्धा काढल्या नाहीत."

"मग मला दिवेलागण का सांगितलीस?"

"ती गेल्यावर तू तिला शोधायचीस. दारापासून हलायची नाहीस, खायची नाहीस. मला वाटलं, तुला तिचा राग आला तर शोधणं थांबवशील. जरा कळायला लागल्यापासून तेच सांगत गेले. तू थांबवलंस. मग खरं सांगायला मला तोंड राहिलं नाही."

मला वाटलं आता ही ओरडणार. माणसं ओरडतात, मी खूप ऐकलीयत. ती ओरडली नाही. तिने डोळे पुसले आणि विचारलं, जेवलीस का? आत्या रडत हो म्हणाली. संध्याकाळी येते, असं सांगून तिने फोन ठेवला.

मग कागदावर सही केली. डॉक्टरांनी विचारलं, तो आवाज वाढवून स्वच्छ करू का, आणि पुस्तिकेत ते मरणाच्या चाहुलीचं पुन्हा छापतायत, ते बदलायला सांगू का? ती म्हणाली, "त्यांना काय लिहायचं ते लिहू द्या. आवाजही आहे तेवढाच राहू द्या. फक्त शांतता कापू नका."

आता मी डब्यात आहे. शेवटचा हातभर भाग उजेडात धरला तर आरपार दिसतं, तिथला गंज पार गेला. तिचा आवाज आता माझ्यापाशी नाही. इतकी वर्षं तिच्याबरोबर काढली, आता त्या वेढ्यांत फार रिकामं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आवाज असाच जायचा असतो, ज्याचा होता त्याच्याकडे.

तुमच्या घरी ती नवी रेकॉर्ड आली तर माझं एवढं ऐका. सहावी रचना मध्येच थांबेल. लगेच उठू नका, सुई उचलू नका, थोडं बसा. खोली गप्प झाली की कान द्या. ती कुजबुजेल, वाक्य अर्धंच राहील आणि तुमच्या काळजात धस्स होईल. होऊ दे. पण तिची काळजी करत बसू नका. ती तीनला घरी पोचली होती.