कलम सतरा आणि कारोकीचा तोल

कायदा करण्याआधी जनतेला विचारायचं, अशी आमच्या देशात पद्धत आहे. पद्धत चांगलीच आहे. फक्त विचारायला कोण कोण आलंय हे सांगण्यातच विचारायची वेळ निघून जाते.

त्या मंगळवारी रस्त्याच्या नव्या नियमांचा मसुदा घेऊन नैरोबीहून ओलांगसाहेब आमच्या गितुऱ्याला येणार होते. एक्केचाळीस कलमं. त्यातलं सतरावं असं, की बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसेल. दुसरा दिसला की गाडी जप्त. सवलत कुणालाही नाही.

माझी शेजारीण कागेंदो बोडा चालवते. तिची आई कारोकी अंगाने अर्धी लुळी आहे आणि मंगळवारी-शुक्रवारी दुपारी दोनला तिला डोंगराखालच्या इस्पितळात रक्त शुद्ध करायच्या यंत्राला लावावं लागतं. दोन खेपा चुकल्या तर तिसरीची गरज उरणार नाही, असं डॉक्टरांनी कागेंदोला स्पष्ट सांगितलंय. आमच्या चढावर साधी मोटार येत नाही. एक आली होती, ती परत गेलीच नाही; तिच्यात आता आमच्या गावच्या चीफची शेळी राहते. त्यामुळे पुढे कागेंदो, मध्ये कारोकी आणि मागे तिला दोन्ही हातांनी आवळून मी. सोडलं की म्हातारी डावीकडे कलंडते, आणि ती कलंडली की अख्खा डोंगर तिच्या बाजूला झुकल्यासारखा वाटतो.

तर कागेंदोला सभेत एकच वाक्य बोलायचं होतं: रुग्णाला धरायला मागे आणखी एक माणूस बसू द्या. कारोकीला घेऊनच आली होती. इथून परस्पर इस्पितळात जायचं होतं.

सभा दहाची. साहेब अकरा वीसला उगवले. मग प्रार्थना. गावात चर्च दोन, म्हणून पाद्री दोन, आणि एकाची प्रार्थना दुसऱ्याला पुरत नाही. दुसऱ्या पाद्रीबाबांनी नैरोबीपासून गितुऱ्यापर्यंत एकेका खड्ड्यासाठी वेगळी करुणा भाकली. खोटं वाटेल, पण त्यांनी डोळे मिटले तेव्हा बाकाखाली अंड्यांवर बसलेली कोंबडी, त्यांनी डोळे उघडले तेव्हा पिल्लांना घेऊन दाराबाहेर चालली होती.

मग चीफ किरुजा उठले. चीफ म्हणजे सरकारचे गावातले कान, डोळे आणि मुख्यतः तोंड. त्यांनी मान्यवरांची ओळख सुरू केली.

"बाबा, किती वाजले?" कागेंदोनं मला कोपराने ढोसलं.

"बारा पाच."

"माझा नंबर दहावा आहे."

"येईल गं, पोरी."

"कधी? अजून साहेबांच्या ड्रायव्हरच्या शाळेचं नाव सांगणं चाललंय!"

जनता बोलायला लागली तरी चैन नाही. आमच्याकडे माईक हातात घेणाऱ्यानं आधी प्रत्येक मान्यवराला नावानिशी नमस्कार करायचा असतो. एक नाव राहिलं की ते मान्यवर रुसतात, आणि गाडी पुन्हा पहिल्या नावापासून.

केसांचं दुकान चालवणारी मकेना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "साहेब, एक डोकं बारीक वेण्यांनी विणायला मला सहा तास लागतात. तुमचं सक्तीचं हेल्मेट ते दोन मिनिटांत भाकरीसारखं चपटं करतं. शिवाय बोडावर आधी बसलेल्या गिऱ्हाइकाच्या उवा असतात त्यात. उवांचं कितवं कलम?"

"बाई, हेल्मेटनं जीव वाचतो."

"वाचलेला जीव घेऊन असल्या अवतारात जाऊ कुठे?"

टाळ्या. पाच मिनिटं गेली.

शेळ्या-बोकडांचा व्यापारी किथिंजी म्हणाला, "बोकड मागे बसवला तर तो माणूस धरायचा का?"

"मसुद्यात बोकडाचा उल्लेख नाही," साहेब म्हणाले.

"जेवायच्या यादीत मात्र बरा असतो!"

पुन्हा टाळ्या. एकजण नळाला पाणी नाही यावर बोलला. एकानं मेव्हण्याची तक्रार सांगितली. कागेंदो माझ्या मनगटावरचं घड्याळ बघून बघून झिजवायला लागली होती.

सातवा नंबर माझा. आता खरं सांगतो. तिचं ते एक वाक्य मी बोलून टाकायला हवं होतं. पण हातात माईक, समोर दोनशे डोकी, आणि तरुणपणी मी बिनब्रेकची प्रवासी गाडी चालवलेली. ती मी एका पपईच्या झाडाला टेकवून थांबवायचो, आणि पुढे पुढे ते झाड माझा भोंगा ऐकूनच कसं पाय रोवून उभं राहायचं, एवढंच सांगायला गेलो. झाडाला पहिलं फळ येईपर्यंत पोचलो असेन, तोच चीफनं माईक काढून घेतला.

"झालं?" मी बसल्यावर कागेंदो म्हणाली. "पपईचं सांगून झालं?"

"अगं, मी तुझ्याच मुद्द्यावर येत होतो."

"माझी आई त्या पपईएवढी तरी महत्त्वाची होती हो, बाबा."

मी बाकावर डावीकडे निघालेल्या कारोकीला सरळ केलं.

एक वाजता आठव्या माणसाचं भाषण अर्ध्यात तोडून चीफनं आभार मानले. पाव आणि सोडा आला, आणि जनतेचं मत पावाकडे धावलं. कागेंदो उलट दिशेनं थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, कलम सतरा."

"लेखी द्या, बाई."

"लिहूनच आणलंय."

"साध्या कागदावर नाही चालत. छापील अर्ज असतो."

"कुठे मिळतो?"

"नैरोबीला."

कागेंदोनं बाकाकडे बोट दाखवलं. "साहेब, ती बघा माझी आई. दोन वाजता तिला खाली पोचवायचंय. तुमचा कायदा आला की कशी पोचवू, तेवढं सांगा."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "असं का म्हणता, माझ्या जीपमधून सोडतो की."

"आणि शुक्रवारी?"

साहेबांनी सोड्याची बाटली खाली ठेवली. "मग... कापडानं बांधा पाठीशी. आपल्या बायका लेकरं बांधतात तशी."

"बांधून दाखवा."

लोक पाव चावत गोळा झाले. कारोकीला आम्ही बोडावर कागेंदोच्या मागे बसवलं. साहेबांनी कोट काढला, मकेनानं झग्यावरून कमरेला गुंडाळलेलं कापड दिलं, आणि त्यांनी दोघींना मिळून अशी गाठ मारली की बोकडही सुटला नसता. मग हात काढले. गाठ जागच्या जागी राहिली. कारोकी, कापड, कागेंदो आणि मोटारसायकल सगळी मिळून डावीकडे निघाली.

"अहो, धरा!" दोनशे माणसं एका सुरात ओरडली. त्या दिवसातलं जनतेचं एकमत तेवढंच.

साहेबांनी धरलं. सरळ केलं. सोडून पाहिलं. पुन्हा धरलं. चार वेळा झालं, तेव्हा कागेंदोनं किल्ली फिरवली.

"साहेब, सव्वा वाजला. चढा मागे."

"मी?"

"मग सोडा तिला."

सोडता येईना, म्हणून ते चढले. नैरोबीचा एवढा मोठा अधिकारी, पुढे म्हातारी, तिच्यापुढे कागेंदो, असे तिघं उतारावरून धूळ उडवत गेले. आणि मी? मी साहेबांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून त्यांच्या मागून गेलो, वाटेत सात माणसांनी मला सलाम ठोकला.

दोनला तीन मिनिटं कमी असताना पोचलो. साहेबांची बोटं कारोकीच्या कमरेभोवती अशी आखडली होती की ती नर्सबाईनं एकेक करून सोडवली. कारोकी माझ्याकडे बघून म्हणाली, "याचे हात तुझ्यापेक्षा मऊ आहेत." साहेबांनी तिथेच बाकावर बसून कागेंदोचा साधा कागद मागून घेतला, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला.

तीन महिन्यांनी नियम छापून आले. सोबत अहवाल: गितुऱ्याच्या जनतेनं उत्साहानं भाग घेतला, कलम सतरा सोडता हरकत आढळली नाही, केस, उवा व बोकड हे विषय इतर खात्यांकडे वर्ग. मकेना दुकानाच्या दारात उभी राहून नैरोबीच्या दिशेनं जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कागेंदोनं सतरावं कलम मोठ्यानं वाचलं. "तोल सांभाळू न शकणाऱ्या रुग्णास धरण्यासाठी आणखी एक माणूस चालेल." तिचा चेहरा उजळला. मग पुढची ओळ. "धरणाऱ्याचे वय अठरा ते साठ असावे."

मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं.

"हे साठ कुणी घातलं?" ती ओरडली. "ओलांगसाहेबांनी तर नसेल! मधल्या कुठल्या खोलीत कुणा रिकामटेकड्यानं..."

"पुन्हा सभा मागायची का? मी बोलतो या खेपेला, नीट."

"नाव काढू नका सभेचं! माईकला तर हातसुद्धा लावू नका." कारोकीला मध्ये बसवून ती तशीच तिला एका हातानं तोलत उभी होती. "बाबा, सरळ सांगा. तुमचं वय किती?"

मी म्हातारीकडे पाहिलं. ती डावीकडे निघालीच होती.

"एकोणसाठ," म्हणालो, आणि मागे चढून तिला धरलं.

पुलावरचा पोलीस दर मंगळवारी-शुक्रवारी वय विचारतो आणि मी तेच सांगतो. याला आता दोन वर्षं होतील.