सरकलेली खुंटी

थोरली कांद्यातलं गवत काढत होती, तर पुढ्यात खुंटी. हातभर लांब, टोकाला लाल रंग. सकाळी कालव्याची मोजणी करणारे येऊन गेले होते. दुर्बिणीतून बघत होते, आपापसात कुजबुजत होते, पण हिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. न विचारता दुसऱ्याच्या रानात खुंटी ठोकणारा माणूस भल्यासाठी आलाय, हे तिला काही पटेना. आज खुंटी ठोकली, उद्या कुंपण घालतील आणि आपल्याला म्हणतील, व्हा बाजूला.

तिचा नवरा शहरात पोती वाहायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला विहीर आटायची आणि तो गाठोडं उचलायचा, हे दरसालचं. जाताना म्हणायचा, बारमाही पाणी झालं की पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. म्हणून कालव्यावर थोरलीचा फार जीव होता. पण पाणी यायच्या आधी रानच गेलं, तर ते पाणी काय चाटायचंय?

दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून तिनं खुंटी उपटली आणि बांधापलीकडं धाकट्या दिराच्या रानात रोवली. माती पायानं नीट दाबली. दीर वाईट नव्हता, पण वाटणीत बरा तुकडा त्यानंच पटकावला होता. जाऊ दे की त्याचं थोडं, म्हणाली आणि पुन्हा खुरपं हातात घेतलं.

पावसाळा सरला तेव्हा खोदणारे आले. हे लोक वेगळेच होते. त्यांनी कालवा खोदला आणि पाण्याचं दार बसवलं ते नेमकं माळावर, जिथं धड गवतसुद्धा उगवत नव्हतं. पहिल्यांदा दार उघडलं आणि पाणी भसाभसा दगडांवर सांडायला लागलं. गाव आ वासून बघत राहिलं.

लोकांनी साहेबाला घेरलं. तो उलट त्यांच्यावरच चिडला. लाल खुंटी म्हणजे पाणी सोडायची जागा, ती माळावर होती, तिथं दार झालं. आता ते हलायचं नाही. पाहिजे तर माळापासून रानारानातून पाट काढा आणि जागा तुमची तुम्ही द्या, म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

माळाला लागून कडूचं रान होतं. तो कधी हसायचा नाही म्हणून त्याला सगळे कडू म्हणायचे. त्याच्या अलीकडं दिराचं आणि सगळ्यात शेवटी थोरलीचं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. शेवटी दीर म्हणाला, "वहिनी, खुंटी आधी तुमच्या कांद्यात होती. मी बघितली होती."

नाही म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नाही म्हटलं तर पाटाला जागा कोण देणार आणि पाट नाही तर नवरा कसला येतोय?

"होती," ती म्हणाली. "मीच उपटली आणि तुमच्या बांधाच्या आत रोवली. तिथनं माळापर्यंत ती आपली आपण चालत गेली का, भावजी?"

दीर पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. कडूला एकाएकी खोकला आला.

पाट झाला. दुसऱ्यापेक्षा आपली वीतभर जास्त जायला नको म्हणून मोजायची दोरीसुद्धा ज्यानं त्यानं आपली आणली. भांडत भांडत खणला, पण पाणी थोरलीच्या कांद्यापर्यंत आलं. वाफ्यात घोटाभर चिखल झाला तेव्हा तिला रडूच फुटलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, बरं झालं, पण कालव्याचं काय खरं, आज आहे उद्या नाही. यंदाचं साल जाऊ दे, मग बघू. थोरलीचं काळीज तुटलं. इतकी वर्षं ज्या बोलण्यावर तिनं दिवस काढले, ते बोलणं असलं पोकळ निघालं होतं.

"बघा तुम्ही सावकाश," ती म्हणाली. "पाणी काही थांबणार नाही. एकटीनं एवढं रान आवरत नाही, निम्मं भावजींना कसायला देते."



"त्याला बांधाच्या आत पाऊल टाकू देऊ नकोस," नवरा म्हणाला. "मी उद्याच निघतो."