झाडाची जखम

"झाडानं घासलेलं आठ महिने राहतं का हो? त्यातनं रक्त गळतं का? गाढवालासुद्धा कळलं असतं!"

"हळू. बायका ऐकतायत."

"ऐकू देत! आधी तो शर्ट काढा."

ओदेलूनं शर्ट काढला नाही. उलट वरचं बटणही लावलं. दवाखान्याचा हिरवा झगा त्यानं बाकावर भिरकावला होता आणि त्याची बायको भूलक्ष्मी दार अडवून उभी होती. हा पळायला लागला तर आडवीच पडणार होती ती. ऑपरेशनच्या आधी बसवतात ती ही खोली. आत तिघी बायका आणि हा एकटा पुरुष. सकाळी नर्सनं यादी वाचताना "ओदेलम्मा कोण?" म्हणून हाक मारली होती. तीस वर्षं ताडावर चढणारा माणूस, आणि ओदेलम्मा! त्या तिघींतली एक बाई अजून तोंडाला पदर लावून खुसखुसत होती.

चिडला होता तो, पण ते वरवरचं. आत भीतीनं पार गळाला होता.

ताडी उतरवायची म्हणजे कमरेला दोर आणि छाती खोडाला चिकटलेली. रोजचं वर-खाली. त्याच्या गल्लीतल्या सगळ्या बाप्यांच्या छातीला घट्टे, सालं निघालेली, कातडं खेटराच्या तळव्यासारखं. त्यात छातीच्या डाव्या बोंडाखाली बोराएवढी गाठ आली तर कोण बघतं? त्यानं हळद चोपडली. बोंड आत ओढलं गेलं, त्यानं एरंडेल चोपडलं. बनियनला रक्त लागायला लागलं तेव्हा भूलक्ष्मीनं त्याला बसमध्ये कोंबून वरंगलला आणलं. इथं सुई घातली, तुकडा काढला, आणि निघाला कॅन्सर. बायकांचा.

"मला नाही कापून घ्यायचं," तो म्हणाला. "ताडीचा हंगाम चालू आहे."

"हंगाम! मेल्यावर कुठल्या झाडावर चढणार आहात?"

"दादा, हे बघा." खुसखुसणारी बाई आता हसत नव्हती. तिनं उजवा हात पुढं केला. सुजून दुधीभोपळ्यासारखा झालेला, बांगडी मनगटात रुतलेली. "चार वर्षांपूर्वी या बाजूचं काढलं, काखेतल्या गाठींसकट. कळशी उचलवत नाही. आता दुसऱ्या बाजूला आलंय."

ओदेलू त्या हाताकडं बघत राहिला. हात गेला की दोर गेला. दोर गेला की काय उरलं?

तेवढ्यात डॉक्टर वसुधा आत आल्या. बुटक्या, पायात रबरी चपला, बोलणं फटाफट.

"काय ओदेलू, निघालात? झाडं हाका मारतायत का?"

"मॅडम, काखेत हात घालणार नाही असं लिहून द्या. तरच झोपतो टेबलावर."

"खोटं लिहून देत नसते मी. बसा." त्या स्वतःच बाकावर बसल्या. "पुरुषाला हे होतं क्वचित. असे शंभर रुग्ण आले तर त्यात तुमच्यासारखा एखादा. म्हणून माझ्या एकटीच्या मनानं नाही ठरवलं. मंगळवारी आम्ही सगळे बसलो होतो. औषधवाले, किरणवाले, तुकडा तपासणारे. तासभर तुमचंच चाललं होतं."

"माझं?"

"तुमचंच. पुरुषाला तिथं मांस असतं किती? थोडं काढून बाकी ठेवायला जागाच नाही, म्हणून ती बाजू पूर्ण काढायची. खालचा मोठा स्नायू मोकळा आहे, त्याला नाही हात लावणार. आता काख. निळा रंग टोचला की तो काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठींत जातो. त्या काढून तुम्ही टेबलावर असतानाच तपासायला पाठवते. स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या तशाच ठेवते. हात चांगला राहायची आशा मोठी."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर काढणार. हात वाचवायला माणूस नाही घालवणार मी."

ओदेलूला नाही म्हणायचं होतं, पण डॉक्टरबाईंनी कागद उलटला.

"पुढं पाच वर्षं गोळ्या. बायकांना देतो त्याच, तोंड वाकडं करू नका. आणि इथं लिहिलंय, घरात आधी कुणाला असं झालेलं नाही. नक्की ना? पुरुषाला झालं की आम्ही रक्त तपासतोच. कधीकधी ते बापाकडून पोरांत उतरतं."

खोलीत पंखा खडखडत होता.

बाप. इलय्या. हा तेव्हा दहा वर्षांचा होता. बाप खाटेवर, छातीला फडकं, फडक्याला वास. सगळा गाव म्हणाला, झाडाची जखम आहे, ताडवाल्यांना होतेच. बाप त्याच उन्हाळ्यात गेला. भूलक्ष्मी सून म्हणून आली ती पुढं तेरा वर्षांनी. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ज भरताना विचारलं तेव्हा हा पटकन "नाही" म्हणाला होता. का, तर हो म्हटलं असतं तर आपलाही शेवट तसाच, असं वाटलं होतं त्याला.

"झालं होतं," तो म्हणाला. "माझ्या बापाला. इथंच, छातीला. असंच."

भूलक्ष्मी दारातनं दोन पावलं पुढं आली. दार मोकळं होतं, पण ओदेलू हलला नाही.

डॉक्टरबाईंनी शांतपणे लिहून घेतलं. "मुलं?"

"एकच पोरगी. श्रावंती. एकोणीसची."

"तिला आज काही झालेलं नाही, कळलं? आधी तुमचं रक्त. त्यात दोष निघाला तर मग तिचं. तिलाही असला तरी नजरेखाली राहील. तुमच्यासारखी आठ महिने हळद नाही चोपडणार."

त्या गेल्या. ओदेलूनं शर्टाची बटणं काढली. तिसरं भूलक्ष्मीनं काढलं. ती शिव्या देत नव्हती, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. झगा चढवून त्यानं श्रावंतीला फोन लावला. बापाला ती नायना म्हणायची.

"नायना? झालं का ऑपरेशन?"

"नाही अजून. ऐक, पोरी. तुझा आजा झाडानं नव्हता मेला."

"काय? काय बोलतोयस?"

"मला आहे तेच त्याला होतं. मी कुणाला सांगितलं नाही. तुझंही रक्त तपासावं लागेल कदाचित. नाही म्हणायचं नाही."

पलीकडनं बारीक आवाजात, "नायना, तू घाबरलायस का?"

"लई," तो म्हणाला.

दार उघडलं. चाकाची खाट आली. नर्सनं कागद बघून नीट हाक मारली, ओदेलू.

"ठेवतो. मला आता जायला पाहिजे."